आनंद माझा की गोळीचा?

पत्र आधी थोडक्यात देते. मूळ बरंच लांब होतं, काटछाट केलीये आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई नमस्कार. मी ३३ वर्षांचा, चिंचवडला असतो, आयटीत टेस्टिंग करतो. मागच्या वर्षी डिप्रेशन आलं. अंघोळीला जायचं म्हटलं तरी तासभर पलंगावर बसून राहायचो. मुलगी तेव्हा चार महिन्यांची, ती रडायची आणि मला काहीच व्हायचं नाही, शेजारच्यांच्या घरात टीव्ही चालू असावा तसं. बायकोने ओढत सायकियाट्रिस्टकडे नेलं. एस्सिटॅलोप्रॅम १० चालू झाली, पाच-सहा आठवड्यांनी फरक पडला, आता आठ महिने झाले, बरा आहे. प्रॉब्लेम पुढेच आहे. मागच्या महिन्यात पोरगी पहिल्यांदा माझ्याकडे बघून 'बाबा' म्हणाली, डोळे भरून आले, आणि तेवढ्यात मेव्हण्याचं वाक्य आठवलं. तो बायोटेक शिकलाय, म्हणतो प्रेम वगैरे काही नसतं रे, फक्त सेरोटोनिन, मेंदूतलं एक केमिकल, तुझं कमी पडलं होतं ते गोळीने भरून काढलं, टायरमध्ये हवा भरल्यासारखं. मग ते डोळे भरणं माझं होतं का गोळीचं? आमचे अण्णा माळकरी, ते म्हणतात आत्म्याला औषध लागत नाही, गोळ्या सोड आणि नाम घे. मी ठरवलं, गोळी बंद करून बघू, खरा मी कोण ते तरी कळेल. आज पाचवा दिवस. चक्कर येते, मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, काल पोरीवर ओरडलो. हाच खरा मी असेन तर अवघड आहे. बायकोला सांगितलेलं नाही. तुम्ही आधी मेंदूच्या मशीनवर काम करायचात असं वाचलं म्हणून विचारतो, आपल्याला जे वाटतं ते फक्त मेंदूची हालचाल असते की त्याच्या पलीकडे काही असतं?"

अरे, मोठा प्रश्न नंतर. आधी ते पाच दिवस. सदर येईपर्यंत थांबू नको असं तुला मेलवर लिहिलंच होतं, तरी इथे परत लिहिते कारण हा प्रयोग गुपचूप करणारे खूप असतात. ही गोळी अचानक तोडली की चक्कर, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं, चिडचिड, आणि ते डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, हे सगळं होऊ शकतं, ओळखीचं आहे, डॉक्टरांना सांगितलंस तर त्यांना नवल वाटणार नाही. म्हणजे गेल्या पाच दिवसांत तुला जो भेटला तो 'खरा तू' नाहीये, तो गोळी तुटलेला तू आहेस. प्रयोगच चुकला ना. तू टेस्टिंगवाला, तुला मी काय सांगणार, चालू सर्व्हरची वायर खेचायची आणि मग म्हणायचं आता बघू ॲप मुळात कसं चालतं, अशी टेस्ट कोणी लिहून आणली तर तुझा लीड काय म्हणेल त्याला?

तर डॉक्टरांना फोन कर, किती दिवस चुकले ते नीट सांग, आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊन भरून काढायला जाऊ नको. गोळी कधीतरी बंद करावी असं वाटण्यात गैर काहीच नाही, पण बरं वाटायला लागल्यानंतरही निदान सहा महिने तरी ती चालू ठेवतात, लवकर सोडली तर दुखणं उलटायची भीती जास्त असते म्हणून, आणि सोडतानाही डोस पायरी पायरीने उतरवत नेतात. आणि मधेच कधी जगणंच नको असले विचार आले तर १४४१६, टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. झालं. हे महत्त्वाचं होतं म्हणून आधी.

आता मेव्हणा.

मेव्हण्याचं बायोटेक जरा शिळं झालंय. 'सेरोटोनिन कमी पडलं की डिप्रेशन येतं' हे वाक्य इतकं पसरलं की लोक ते रक्तातल्या साखरेसारखं बोलतात, जणू काही लॅबमध्ये जाऊन मोजून आलेत. २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी यावर तोपर्यंत झालेले सगळे मोठे आढावे एकत्र करून तपासले, तर कमी सेरोटोनिनमुळे डिप्रेशन येतं याला ठोस पुरावा सापडला नाही. लगेच 'म्हणजे गोळी खोटी' असा अर्थ काढू नको हां, क्रोसिनने ताप उतरतो म्हणून ताप काही अंगातलं क्रोसिन कमी पडल्यामुळे आलेला नसतो. आणि साधा हिशोब बघ. दोन पेशींच्या मधल्या फटीत सुटलेलं सेरोटोनिन परत आत ओढलं जातं, ते ओढणं ही गोळी अडवते, आणि हे काम काही तासांत सुरू होतं. तुला बरं कधी वाटलं? पाच-सहा आठवड्यांनी. आनंद म्हणजेच सेरोटोनिन असतं तर तू पहिल्याच रात्री नाचायला हवा होतास. शिवाय अंगातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. आता मराठीत माया पोटातच असते, तुटतंही पोटातच, चुका घालायच्या त्याही पोटातच, त्यामुळे आपल्याला ते पटेलही कदाचित, पण मेव्हण्याला तसं म्हणायचं नसावं.

हे झालं त्याची केमिस्ट्री चुकल्याचं. पण तो उद्या म्हणेल बरं सेरोटोनिन नाही तर नाही, अजून शंभर केमिकल असतील, पेशी असतील, शेवटी मेंदूच ना? तिथे तुझा प्रश्न खरा सुरू होतो आणि तो चांगला प्रश्न आहे.

मी २२ वर्षं ईईजी टेक्निशियन होते. डोक्याला वायरी लावून मेंदूची वीज कागदावर उतरवायची ते काम. लोकांना तो शॉक वाटतो, शॉक देत नाहीत, नुसतं ऐकतात. आमचं निम्मं आयुष्य केसांत गेलं, कारण आदल्या दिवशी सांगायचं की केस धुऊन या, तेल लावू नका, आणि बाई हमखास चप्प तेल लावून, घट्ट वेणी घालून यायची, दवाखान्यात जायचं म्हणून नीटनेटकी. मग स्पिरिटने पुसत बसा. पट्टीने मापं घेऊन डोक्यावर पेन्सिलने खुणा करायच्या, एकेक जागा घासायची, पेस्ट लावायची, वायर चिकटवायची. आमच्याकडे सुरुवातीला कागदाचं मशीन होतं, शाईच्या पेनांचं, सेकंदाला ३० मिलिमीटर कागद सरकायचा, दहा सेकंदांचं एक पान, वीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगला १२० पानं. पेशंटने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूच्या पेनांत एक संथ लय यायची, सेकंदाला आठ ते तेरा लाटा, डोळे उघडले की गायब. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चार वेळा उघडझाप करायला लावली होती पेशंटला, काही गरज नसताना.

गंमत म्हणजे ही लय ज्याने शोधली तो हान्स बर्गर मुळात तुझ्याच प्रश्नाच्या मागे लागला होता. जर्मन माणूस. १८९० च्या दशकात लष्करात असताना घोड्यावरून पडला, तोफेच्या चाकाखाली जाता जाता वाचला, आणि त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार, की बरा आहेस ना, कारण दूर घरी असलेल्या बहिणीला एकदम वाटलं होतं की याला काहीतरी झालंय. बर्गरच्या डोक्यात ते बसलं. मनातलं काहीतरी डोक्याच्या बाहेर जात असणार, ते मोजायचं, म्हणून तो मेंदूकडे वळला, येना शहरात वर्षानुवर्षं खटपट केली, १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा ती वीज पकडली आणि १९२९ मध्ये छापली. बहिणीपर्यंत जाणारं काही त्यात सापडलं नाही. ती वीज इतकी बारीक असते की कवटी ओलांडून वर येतानाच तिचा जीव जातो, गावाला कुठली पोचायला. तो गेला होता मन शोधायला आणि फिट्सच्या पेशंटना उपयोगी पडेल असं मशीन देऊन गेला. मला तो माणूस आवडतो.

आता तुला एक मुलगी सांगते. आठेक वर्षांची होती. शाळेतून तक्रार, बाई बोलत असताना ही मधेच कुठेतरी बघत बसते, लक्ष नाही, मार खाल्लेला त्यावरून. अशा मुलांना आम्ही तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, लहान असलं की हातात कागदाचं भिरभिरं देतो आणि म्हणतो फुंकत राहा, थांबू द्यायचं नाही. ही फुंकत होती, भिरभिरं गरगरतंय, आई शेजारी स्टुलावर. दुसरं मिनिट संपता संपता ती थांबली. भिरभिरं फिरायचं राहिलं, डोळे उघडे, पापणी जराशी फडफडतेय, आणि माझी सगळी पेनं एकदम उसळली, सगळीकडे एकच नक्षी, सेकंदाला तीन, टोक आणि लाट, टोक आणि लाट. हीही फिटच, फक्त यात माणूस पडत नाही, मधेच हरवतो. अशा वेळी आम्ही एक शब्द टाकतो. मी म्हटलं "आंबा". मोठ्याने. आठ-नऊ सेकंदांनी पेनं जागेवर आली आणि पोरीने फुंकणं पुढे चालू केलं, जसं काही झालंच नाही. विचारलं, बाळा मी आत्ता कुठला शब्द बोलले? ती म्हणाली, "काहीच नाही बोललात." आई म्हणाली अगं आंबा म्हणाल्या की त्या, आणि पोरगी आईकडे अशी बघायला लागली की आई खोटं का बोलतेय.

त्या आठ सेकंदांत ती कुठे होती? तिच्या बाजूने विचारलं तर ते आठ सेकंद नव्हतेच, कापून सांधलेत. हे मी शेकडो वेळा बघितलंय, आणि म्हणून मला कोणी म्हणालं की अनुभवाचा मेंदूशी संबंध नाही, तर मला ते मानताच येत नाही, मी ती पेनं बघितलीयेत. पण याच कागदावरची दुसरी गोष्ट तुझ्या मेव्हण्याला सांग. त्या आठ सेकंदांत मेंदूची हालचाल कमी नव्हती झाली, दांडगी झाली होती, पेनं कागदाबाहेर जायची वेळ आली होती, आणि आत अनुभव शून्य. म्हणजे 'अनुभव म्हणजे मेंदूची हालचाल' हे वाक्य नुसतं तेवढंच खरं नाही. कुठली हालचाल? कशी? मेंदूत अंदाजे ८६ अब्ज चेतापेशी धरतात, त्यातल्या ६९ अब्जांच्या आसपास मागच्या लहान मेंदूत, आणि त्याला इजा झाली तर माणूस झोकांड्या खातो, बोलणं अडखळतं, पण त्याला दिसतं, दुखतं, आठवतं, आतून तो असतो. एवढ्या पेशी दिवसभर राबतात आणि त्यांच्याकडून 'वाटणं' म्हणून काही येत नाही. मग बाकीच्यांकडून का येतं?

आणि एक आजोबा. गावाकडचे, धोतर, पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवलेली. घरात चक्कर येऊन पडले म्हणून पाठवलेले. रेकॉर्डिंग इतकं सुरेख की शिकाऊ मुलींना दाखवायला ठेवावं, डोळे मिटले की सेकंदाला दहा लाटा, एकसारख्या, दोन्ही बाजूंना. पेस्ट पुसताना मला म्हणाले, "बाई, यात दिसतं का हो, घर कसं लागतंय मला ते?" मग सून म्हणाली, सासूबाई नऊ दिवसांपूर्वी गेल्या. मी म्हटलं नाही आजोबा, त्यातलं नाही दिसत यात. ते म्हणाले, "मग कशात दिसतं?" मला उत्तर आलं नाही, मी कापूस बदलला. मशीन अजून भारी आली तरी, एमआरआयवाल्यांनी दुःखाच्या जागा रंगवून दाखवल्या तरी, त्यात दिसणार काय, तर दुःख होताना कुठे काय पेटतं ते. ते घर कसं लागतं ते आजोबांनाच.

मेंदू आणि वाटणं यांच्यातला हा जो सांधा आहे ना, त्याच्याशी लोक फार पूर्वीपासून भांडतायत आणि आपल्याकडेही. चार्वाक म्हणायचे चैतन्य म्हणजे वेगळं काही नाही, विड्यासारखं आहे. पान हिरवं, चुना पांढरा, सुपारी तपकिरी, एकातही तो लाल नाही, पण एकत्र चावलं की तोंड लाल. तशी माती, पाणी, तेज, वारा एकत्र आले की जाणीव उपजते, शरीर गेलं की गेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानाने हे काय जबरदस्त डोकं आहे! मला कितीतरी वर्षं हे पूर्ण पटायचं. मग एकदा लक्षात आलं की विड्याचा लाल सगळ्यांना दिसतो. तू पान खा, मला तुझी जीभ दिसेल, पिंक दिसेल, भिंतीवरचा डाग दिसेल. पण तो लाल बघताना तुला आत जे लाल लाल वाटतं ते मला कशानेच दिसत नाही. विडा पहिल्या लालचं उत्तर देतो, दुसऱ्याचं नाही. दुसऱ्यासाठी बघणारा लागतो, आणि आपल्याला नेमकं तोच कुठून आला ते विचारायचं होतं.

यावर मोठमोठ्या लोकांच्या पैजा लागल्यात, खरोखरच्या. ख्रिस्तोफ कॉख नावाचा मेंदूवाला आणि डेव्हिड चाल्मर्स नावाचा तत्त्वज्ञ, १९९८ मध्ये जर्मनीत ब्रेमेनला भेटले असताना कॉखने पैज लावली की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण आम्ही स्पष्ट दाखवू. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला सगळ्यांसमोर त्याने हार मानली आणि वाइनच्या बाटल्यांची पेटी चाल्मर्सला दिली. आणि लक्षात घे, ती पैज सोप्या अर्ध्यावरच होती, म्हणजे कुठे आणि कोणत्या पेशींत घडतं एवढंच. घडताना मुळात काही वाटतं तरी का, हा पुढचा अर्धा तर पैजेत नव्हताच. म्हणजे ज्यांचं सगळं आयुष्य यात गेलं ते पेटी देऊन मोकळे होतायत आणि आपला मेव्हणा रविवारी दुपारी मटणावर ताव मारत 'फक्त सेरोटोनिन' म्हणून विषय संपवतो.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मी सांगायला जात नाही. मेंदू नसताना कोणाला काही वाटतंय असं मला २२ वर्षांत दिसलं नाही, त्यामुळे वेगळं काहीतरी तरंगत असेल आणि मेंदू त्याचा नुसता रेडिओ असेल, असल्या बोलण्यात मला रस नाही. पण 'मेंदूची हालचाल म्हणजेच अनुभव' हे वाक्य मला खोटं वाटत नाही, मला ते कळतच नाही. व्याकरण बरोबर आहे, प्रत्येक शब्द माहितीये, आणि तरी वाचून झालं की हाती काही लागत नाही. कधीतरी कोणीतरी ते कळेल असं सांगेल, तोपर्यंत मी 'फक्त' हा शब्द लावणार नाही, कारण सगळी लबाडी त्या 'फक्त'मध्ये आहे.

तुझ्याकडे बघ ना. वर्षापूर्वी पलंगावर बसून राहायचास तेव्हा एकदा तरी म्हणालास का, की हे काही माझं दुःख नाही, फक्त केमिकल आहे? नाही. ते तुला शंभर टक्के तुझं वाटलं, खरं वाटलं. मुतखडा झालेला माणूस 'फक्त पेशींची हालचाल आहे' म्हणत शांत पडून राहिलेला मी तरी बघितला नाही. हे 'फक्त' आपल्याला आठवतं ते सुखाच्याच वेळी. मेव्हणा बरोबर असेल तर पलंगावरचा तूही मेंदूच होतास आणि 'बाबा' ऐकून डोळे भरलेला तूही मेंदूच आहेस, आणि अण्णा बरोबर असतील तर दोन्हीकडे आत्मा तोच. दोघांपैकी कोणाचंही घे, गोळीशिवायचा खरा आणि गोळीचा खोटा असा निकाल त्यातून निघतच नाही. तो निकाल तू मधूनच कुठून तरी आणलायस.

त्या भिरभिऱ्याच्या मुलीला गोळी चालू झाली. दीड वर्षाने परत आली तेव्हा कागद स्वच्छ, पोरगी टुणटुणीत, मी न विचारता तेराचा पाढा म्हणून दाखवला, शाळेत मधलं गळायचं ते गळेनासं झालेलं. हा पाढा हिने पाठ केला की गोळीने, असं तिच्या आईने विचारलं नाही, मीही नाही. गोळीने फक्त (बघ, इथे 'फक्त' चालतं) मधली भोकं बुजवली, पाढा तिनेच घोकला. तुझंही तसंच धर. कुठली गोळी कोणाला 'बाबा' म्हणायला शिकवत नाही, आणि रात्री दोन वाजता पोरीला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारल्या असशील त्या एस्सिटॅलोप्रॅमने नाही मारल्या. हां, एक मात्र खरं, या गोळ्यांनी काही जणांचं वाटणं बोथट होतं, रडू येत नाही, हसूही वरवरचं. तसं कधी झालं तर ती तक्रार खरी, डॉक्टरांना सांगायची, डोस बदलतात, गोळी बदलतात. पण तुझे तर डोळे भरून आले म्हणतोस, म्हणजे तुझी तक्रार उलटी आहे, चांगलं वाटतंय आणि ते पटत नाहीये.

अण्णांशी मात्र भांडू नको. माळकरी माणसाला मेंदूचे फोटो दाखवून काही होत नाही, आणि गरजही नाही, त्यांच्याच घरातली गोष्ट त्यांना सांग. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या पोराला, श्वेतकेतूला सांगतो की मन हे अन्नाचंच बनलेलं आहे. पोराला पटेना म्हणून म्हणाला, पंधरा दिवस जेवू नको, पाणी हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी म्हणाला, म्हण आता वेद. पोरगा म्हणाला, काही आठवत नाही हो. बाप म्हणाला, मोठ्या आगीतला काजव्याएवढा एकच निखारा उरला तर तो काय जाळणार, जा, जेव. जेवला आणि सगळं आठवलं. इतका साधा, सरळ प्रयोग! आणि सांख्यवाले तर मन, बुद्धी, अहंकार ही तिन्ही प्रकृतीत टाकतात, जड बाजूला, घड्याबरोबर आणि दगडाबरोबर, आणि पुरुष, म्हणजे त्यांच्या भाषेत आत्मा, नुसता बघणारा. मग अण्णांना म्हण, गोळी मनाला लागतेय अण्णा, आत्म्याला नाही, आत्म्याला लागत नाही हे तुमचं बरोबरच आहे. डोळ्याचा मोतीबिंदू काढताना आत्म्याचा अपमान झाला असं ते म्हणाले नसतील. आणि त्यांनी नाम घे म्हटलं तर घे की, गोळी घेऊन नाम घेता येतं, दोन्हींची वेळही वेगळी असते, आणि म्हातारा माणूस शेजारी बसून तुझ्याबरोबर दहा मिनिटं टाळी वाजवेल तर त्याचाही काही कमी उपयोग होणार नाही तुला.

राहिली बायको. तिला आजच सांग, पोरगी झोपली की. पाच दिवस गोळी घेतली नाही म्हणून सांग, ओरडलो ते त्यामुळे असेल म्हणून सांग, आणि का सोडली तेही. ती चिडेल. तिने तुला ओढत नेलं होतं डॉक्टरकडे, चार महिन्यांचं पोर कडेवर घेऊन, ते आठव आणि ऐकून घे. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना तिला बरोबर ने, जमलं तर मोबाइलमध्ये कुठल्या दिवशी काय काय झालं ते तारखेसकट लिहून ने, आणि गोळी किती महिने चालायची, कधी आणि कशी उतरवायची, हे सरळ विचारून घे, त्यांना विचारायला लाजू नको.

आणि मेव्हणा पुढच्या रविवारी आला की जेवणानंतर त्याला एक विडा लावून दे, चुना जरा बेतानेच, आणि तोंड लाल झालं की आरशासमोर उभा करून विचार, दोन लाल आहेत, दुसरा कुठेय ते दाखव. निदान पान संपेपर्यंत तरी गप्प बसेल.